नाकाचा नंबर

गेल्या दिवाळीत माझं नाक तीन वेळा मोजलं गेलं आणि तेवढ्यात माझा प्रकार दोनदा बदलला.

लेक पुण्याला बी.ए. करते, विषय मानवशास्त्र. सुट्टीला येताना फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर ती एक स्टीलची सरकती मोजपट्टी घेऊन आली. लेथवाले व्हर्नियर वापरतात ना, त्याची चुलत बहीण म्हणा. फक्त टोकं बोथट, कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. घरातल्या-ओळखीतल्या दहा माणसांची मापं घ्यायची, असा अभ्यास दिलेला. दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. काउंटरमागच्या स्टुलावर तिनं मला बसवलं, "आई, हलू नकोस," म्हणाली आणि भुवयांच्या मधल्या खळग्यापासून नाक जिथे ओठाला येऊन मिळतं तिथपर्यंत पट्टी लावली. उंची ५० मिलिमीटर. मग नाकपुड्यांची रुंदी, ३५. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. आले ७०.

पुस्तकाप्रमाणे ७० च्या खाली अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्याच्या वर रुंद. म्हणजे मी मध्यम, पण अगदी उंबरठ्यावर उभी. लेकीला शंका आली म्हणून परत मोजलं. या वेळी टोक जरा वर टेकलं असावं, उंची ५१ भरली आणि मी ६८.६ घेऊन अरुंद नाकवाल्यांत जाऊन बसले. तिसऱ्यांदा मला हसू आलं. हसलं की नाकपुड्या फाकतात. ३६. पुन्हा मध्यम.

भाऊबिजेला माझा धाकटा भाऊ आला, त्यालाही सोडलं नाही. त्याचे ४० भागिले ४७, म्हणजे ८५.१. रुंद! एका आईची दोन लेकरं, एका ताटात जेवून वाढलेली, आणि पुस्तकाच्या हिशोबानं दोन वेगळ्या रकान्यांत. भाऊ म्हणाला, "लहानपणी तूच ओढलंयस माझं नाक." ते खोटं नाही.

हे सगळं मला इतकं लागून राहिलं त्याला कारण आहे. नाकं हा माझा धंदा आहे. फलटणला आमचं चष्म्याचं दुकान, वडिलांनी टाकलेलं, आणि गेली २२ वर्षं मी बसते. तुमच्या चष्म्याची काडी उघडून आतल्या बाजूला बघा. ५२, मग एक बारका चौकोन, मग १८, मग १४० असं काहीतरी छापलेलं असेल. पहिला आकडा काचेची रुंदी, शेवटचा काडीची लांबी, आणि मधला ब्रिज, नाकावरचा पूल. कंपन्या फ्रेमी काढतात १६, १८, २० अशा ब्रिजच्या. नाकं मात्र १६, १८, २० अशी येत नाहीत. ती मधे कुठेतरी येतात, वर जरा डावीकडे कलून येतात, लहानपणी पडून मोडलेली येतात. त्यासाठीच तर ड्रॉवरमधे पक्कड असते. नोज पॅड आत-बाहेर वाकवायचे, बसवून बघायचं, परत वाकवायचे. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगते की बाबा रे, वाकवायची ती फ्रेम.

हल्ली बाहेरच्या कंपन्यांच्या काही फ्रेमी 'एशियन फिट' म्हणून येतात. युरोपातल्या उंच नाकांसाठी काढलेली फ्रेम बसक्या ब्रिजवरून घसरते, गालाला टेकते, म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे. पण एशिया म्हणजे कुठला? माझ्या दुकानातल्या निम्म्या नाकांवर ती फ्रेम नको तितकी वर उभी राहते. फलटणही आशियात आहे, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं.

तर लेक दुकानात नाही अशा दुपारी मी तिचं पुस्तक वाचायला लागले, आणि तिथे मला हर्बर्ट रिस्ली भेटला. ब्रिटिश सनदी अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्याच्या आधी दहा-एक वर्षं त्यानं बंगालपासून पंजाबपर्यंत हजारो माणसांची डोकी आणि नाकं मोजून घेतली होती. त्यावरून त्यानं एक नियमच मांडला: एखाद्या जातीची समाजातली पायरी तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या उलट्या प्रमाणात असते. नाक जितकं अरुंद तितकी जात वर. जनगणनेत त्यानं जातींची प्रतिष्ठेप्रमाणे उतरंडही लावायला घेतली, आणि मग आम्हाला वर घ्या, त्यांना खाली घाला, म्हणून देशभरातून अर्जांचा पाऊस पडला.

मला हे वाचून आधी राग नाही आला, आधी धंद्यातली शंका आली. एवढ्या माणसांची मापं एकट्यानं घेतलेली नसणार. प्रत्येकानं पट्टी कुठे टेकवली? कुणी हसलं का? माझ्या एका मिलिमीटरनं मी रकाना बदलला, आणि हे गृहस्थ त्या रकान्यांवर देशाची चळत रचत होते. पुढे १९३० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिसांनी, तेच आपले संख्याशास्त्रवाले, रिस्लीचे आकडे पुन्हा तपासले आणि त्यातल्या चुका काढून दाखवल्या. पण सगळ्यात गंमत केली डॉ. आंबेडकरांनी. १९४८ साली त्यांनी नाकाच्या मापांचे आकडे समोर ठेवले आणि म्हणाले, चला, हे मोजमाप शास्त्र आहे असं धरू. मग त्यावरून तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्याची पट्टी त्याच्याच नाकाला लावली.

आणि मग इरावतीबाई. फलटणकरांना मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे जरा घरच्याच वाटतात, कारण त्यांची लेक जाई निंबकर लग्नानंतर इथे आली आणि इथलीच झाली. इरावतीबाईंचं लेखन मी शाळेत असल्यापासून वाचलंय. पण बर्लिनचा किस्सा लेकीच्या वहीतून कळला. १९२८ च्या सुमाराला तेवीस वर्षांची ही मुलगी जर्मनीला गेली. मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. हा माणूस १९०८ साली आजच्या नामिबियात जाऊन युरोपीय बाप आणि आफ्रिकी आई अशा घराण्यांची मापं घेऊन आलेला, आणि पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या कारभाराला शास्त्राचा शिक्का पुरवणारा. त्याची अटकळ अशी की गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते, कारण उजवीकडे मेंदूचा पुढचा भाग मोठा, म्हणून त्यांची बुद्धी मोठी. इरावतीबाईंना हे कवट्या मोजून दाखवायचं होतं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्या. आणि प्रबंधात लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या वाकडेपणाचा काही संबंध लागत नाही.

मी हे वाचताना सारखी त्या खोलीचा विचार करत होते. परका देश, परकी भाषा, टेबलावर कुणाकुणाची डोकी, आणि पदवी ज्याच्या हातात तोच उत्तर आधी ठरवून बसलेला. मिलिमीटरभर इकडे-तिकडे केलं असतं तर कुणाला कळणार होतं? मला तर रोज कळतं, मिलिमीटरभर इकडे-तिकडे करणं किती सोपं असतं ते.

मोजणं मात्र त्यांनी सोडलं नाही. १९३९ ला त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्रभर फिरून मापं घेतच राहिल्या. १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. पायरी एकच, नाव एकच, पण लग्न आपापल्यातच करणारे आठ गट. ते एकाच मूळ गटाचे तुकडे असतील तर शरीरानंही जवळजवळ असायला हवेत ना? तसे ते निघाले नाहीत. 'ब्राह्मण' हे वरचं लेबल, आतला माल वेगवेगळ्या ठिकाणचा. मला यातलं आवडलं ते हे की पट्टी तीच, पण प्रश्न उलटा. रिस्लीनं माणसं लेबलाप्रमाणे मोजली, यांनी लेबलच मोजून बघितलं.

आता माझ्या दुकानातला पुरावा. नंबर काढताना आम्ही पीडी घेतो, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. त्याप्रमाणे काचेचा मध्य धरायचा असतो, नाहीतर डोकं दुखतं. माझ्याकडे गेल्या २२ वर्षांची रजिस्टरं आहेत, नाव, गाव, नंबर, पीडी. लेकीला म्हटलं, आडनावांवर कागद ठेव आणि नुसत्या पीडीवरून सांग कोण कुठला. ५८, ६६, ६१, ७०, ६३. तिनं पान भरून अंदाज केले, सगळे चुकले. बाई की पुरुष एवढं जरा बरोबर येत होतं, कारण पुरुषांची सरासरी दोन-तीन मिलिमीटरनं जास्त असते, तेही हमखास नाही. आणि मला सापडलेलं सगळ्यात कमी माप ५५ आणि सगळ्यात जास्त ७२, ही दोन्ही एकाच वाडीतली, एकाच आडनावाची, चुलत घरातली.

लेक म्हणाली, "आई, हे ल्युअन्टिननं केलंय." रिचर्ड ल्युअन्टिन, अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ. १९७२ साली त्यानं रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांच्या १७ जनुकांचा जगभरचा हिशोब मांडला. माणसामाणसांत जो काही फरक आहे त्यातला सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडतो. सुमारे ८ टक्के एकाच तथाकथित वंशातल्या वेगवेगळ्या समूहांमधला. आणि ज्याच्यावरून एवढी रणं माजली त्या वंशावंशांतला फरक, सुमारे ६ टक्के. मी लगेच खूश झाले. तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, एकेका जनुकावरून माणूस कुठला ते सांगता येत नाही, तुझ्या पीडीसारखंच. पण शेकडो जनुकं एकत्र बघितली तर पूर्वज साधारण कुठले होते ते सांगता येतं. तेव्हा 'फरकच नाही' असं म्हणू नको. फरक आहे, पण तो उतारासारखा आहे, पायऱ्यांसारखा नाही. ऊन जास्त तिथे कातडी गडद, आणि विषुववृत्तापासून वर सरकत जाल तशी ती हळूहळू उजळत जाते. थंड कोरड्या हवेच्या मुलखात नाकं अरुंद, कारण आत जाणारा वारा गरम आणि दमट करून घ्यावा लागतो. उष्ण दमट मुलखात ती गरज नाही. आता या उतारावर रेघ कुठे मारायची? फलटणहून कन्याकुमारीला बसनं जा आणि कुठल्या थांब्यावर माणसं बदलली ते सांग.

मुलगी शिकतेय, हे त्या दुपारी मला पटलं. फीचे पैसे वसूल.

नाकाच्या धड्यानंतर पुस्तकात पोटाचा धडा आहे. माणसं जगतात कशी, त्याचे पाच प्रकार: शिकार आणि गोळा करून खाणारे, फिरती शेती करणारे, जनावरं पाळणारे, नांगरून शेती करणारे, आणि कारखान्याच्या जगातले. हा धडा मला नाकापेक्षा जवळचा वाटला. कारण चष्म्याचा नंबर काढताना मी यंत्रावर हनुवटी ठेवायला सांगायच्या आधी एकच विचारते, "काम काय करता?" शिवणकाम करणाऱ्या बाईला एक अंतर लागतं, पेटी वाजवणाऱ्याला दुसरं, ट्रकवाल्याला तिसरं. चाळिशी सगळ्यांनाच लागते. पण ती कुठे टोचते ते तुम्ही काय करून खाता त्यावर.

हे मी मोठ्या तोंडानं सांगतेय, पण आबांच्या बाबतीत मीच चुकले होते.

आबा माण तालुक्याच्या शिवेवरच्या एका वाडीतले धनगर. बासष्टीच्या पुढे-मागे. दीडशे मेंढरं, दोन घोडी, कुत्री. दिवाळी झाली की चार-पाच घरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, मिळून निघतो, भोरवरून वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला कोकणात. भाताची कापणी झालेली असते, मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत कोंडली की सकाळपर्यंत शेताला लेंडीखत. शेतकरी त्याचे पूर्वी भात-नाचणी द्यायचे, आता रोख. पाऊस यायच्या आत परत वर, कारण कोकणच्या पावसात मेंढराचे खूर कुजतात. वर पावसाळा कमी, पण गवत उगवायला पुरेसा.

लेकीनं आबांना पशुपालकांच्या रकान्यात टाकलं. ऋतूप्रमाणे फिरणारे पशुपालक, इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. मी म्हटलं, थांब. आबांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, बाजरी आणि मटकी होते, ते काय? घरी म्हातारी आणि थोरली सून ती बघतात. धाकटा लेक भोसरीला कंपनीत सीएनसी यंत्र चालवतो आणि दर महिन्याला फोन-पे करतो, ते काय? कोकणातून येताना वाटेत आबांची मालकीण करवंदं तोडते, रानभाजी खुडते, ते पुस्तकातलं गोळा करून खाणं नव्हे काय? पाच रकान्यांपैकी चार एका बिऱ्हाडात निघाले. आणि आबांचं खरं उत्पन्न लेंडीचं की मटणाचं, हे तेही नीट सांगू शकत नाहीत. लोकरीचं मात्र सांगतात. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर पूर्वी सनगर घ्यायचे, घोंगडी विणायचे. आता लोकर कातरायची मजुरी लोकरीपेक्षा महाग, कातरून टाकून देतात. म्हणून अनेकांनी काळी मेंढी काढून माडग्याळ घातली. अंगानं मोठी, लोकर नसल्यात जमा, बाजारात भाव चांगला. म्हणजे कळपाकडे बघूनही कळतं की दुनिया ऊब विकत घेत नाही, मटण घेते.

धनगर म्हणजे तरी एक कुठे आहेत? मल्होत्रांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रभर फिरून धनगरांचा अभ्यास केला. हटकर मेंढरंवाले, डोंगरमाथ्यावरचे गवळी धनगर म्हशीवाले, विणणारे वेगळे, मटणवाले खाटीक वेगळे. लग्नं आपापल्यात. पुढे १९८३ साली माधव गाडगीळ आणि मल्होत्रांनी मिळून मांडलं की जातींनी निसर्ग जणू वाटून घेतला होता. एकाच टापूत नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळींदर, घोरपड यांच्या मागे. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तित्तिरासारखी पाखरं धरणार. वैदू मुंगसासारखी बारकी जनावरं आणि पाण्यातले खेकडे-कासवं. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही, त्यामुळे कुणी ओरबाडून संपवायचं नाही.

वाचायला फार सुबक आहे हे. घड्याळाच्या काट्यांसारखं. पण वाटणी कुणी केली आणि कुणाच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच आलं, ते त्या सुबक चित्रात मला दिसेना. लेकीला हे मी म्हटलं तर म्हणाली, परीक्षेत हाच प्रश्न येतो.

कामाचा डोळ्यावर कसा परिणाम होतो, हे तर मी याच काउंटरवर पाहिलं. वडिलांच्या काळात वाड्यावरची पोरं मायनस नंबर घेऊन यायचीच नाहीत. मला वाटायचं, काटक लोक, रक्तातच असेल. अलास्काच्या उत्तर टोकाला एक गाव आहे, पूर्वी त्याला बॅरो म्हणत, आता उत्किआग्विक. तिथल्या एस्किमो घराण्यांची तपासणी १९६० च्या दशकात झाली. शिकारीवर जगलेल्या आजी-आजोबांत लांबचं न दिसणारा क्वचित, आणि शाळेत गेलेल्या नातवंडांत निम्म्याहून जास्त. दोन पिढ्यांत रक्त बदलत नसतं. चीनमधे ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा उन्हात काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना मायनस लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. ऊन! फलटणात ऊन फुकट आहे आणि आम्ही पोरांना सावलीत क्लासला बसवतो. आता वाड्यावरची पोरंही मामाकडे राहून शाळेत जातात, मोबाइल बघतात, आणि माझ्याकडे येतात, मायनस दीड, मायनस दोन. रक्तात काही नव्हतं. रानात होतं.

उलटंही असतं म्हणा, पोटाचा धंदा हजारो वर्षांत रक्तात उतरतो. मला दूध बाधतं, ताक चालतं. सासरी याला बरीच वर्षं 'नखरे' म्हणत. लेकीच्या पुस्तकाप्रमाणे मोठेपणी दूध न पचणं हीच माणसाची मूळ रीत. जनावरं पाळणाऱ्या काही लोकांत बदल झाला आणि ते पचायला लागलं. उत्तर युरोपात एका बदलानं, पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांत वेगळ्याच बदलानं. दूध पचवणाऱ्यांचा वंश करायचा म्हटला तर स्वीडनचा शेतकरी आणि केनियाचा मसाई एका पंगतीला बसतील आणि मी बाहेर उभी. सासूबाईंना हे मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग चहा कोरा घे."

रकान्याचा विषय निघालाच आहे तर एक. आबांच्या नातवाच्या दाखल्यावर भटक्या जमाती 'क' लिहिलंय, राज्यात त्यांना ३.५ टक्के आरक्षण आहे. आणि अनुसूचित जमातींच्या केंद्राच्या यादीत महाराष्ट्रापुढे 'ओरान, धनगड' असं छापलंय. धनगड आणि धनगर एकच की दोन, यावर मोर्चे निघाले, उपोषणं झाली, उच्च न्यायालयानं २०२४ साली त्यावरच्या याचिका फेटाळल्या. आदिवासी संघटनांचं म्हणणं वेगळं आहे, त्यांचीही बाजू आहे, आणि दुकानात मी हा विषय वाढू देत नाही. पण डोळ्याच्या तक्त्यावर र आणि ड यांत गोंधळ झाला तर मी पाव नंबर वाढवते. इथे एका अक्षरावर पिढी अडलीय.

तर आबा. निघायच्या दोन दिवस आधी ते दुकानात आले आणि काउंटरवर चष्म्याची डबी ठेवली. मीच आदल्या वर्षी दिलेला जवळचा चष्मा. एक ओरखडा नाही. नुसता नवा.

"ताई, ह्यो घ्या माघारी. कुनाच्या तरी उपयोगी पडंल."

"का हो आबा, दिसत नाही?"

"दिसतंय की. पार नाकाम्होरं आणलं की दिसतंय. पर मेंढरू किती म्होरं आणू?"

मी त्यांचं जुनं पान काढलं. अधिक अडीच. वय साठीच्या पुढे, जवळचा नंबर अधिक अडीच, हे आमचं पाठांतर. आबांना वाचता येत नाही म्हणून मी इंग्रजी ई उलटसुलट छापलेलं कार्ड वापरलं होतं, आणि तेवढ्यानं आपण फार विचार केला असं मला वाटलं होतं. पण कार्ड धरलं होतं ४० सेंटीमीटरवर. ते ४० सेंटीमीटर कुणाचे? पेपर वाचणाऱ्याचे. पोथी वाचणाऱ्याचे. माझे. अडीच नंबरची काच ४० सेंटीमीटरवर स्वच्छ दाखवते, आणि त्याच्या पलीकडे सगळं धूसर करून टाकते.

"आबा, मेंढरू कसं धरता ते दाखवा."

ते सरळ फरशीवर बसले. लेकीची सॅक घेतली, उताणी केली, मांड्यांत दाबली आणि तिचा एक पट्टा खुरासारखा वर धरला. "आसं. काटा मोडला का हितनं काडायचा. खूर वाडला का कातरायचा. गोचिड हितं असत्यात, कानामागं." शिवणाचा टेप घेऊन मी त्यांच्या डोळ्यापासून पट्ट्याच्या टोकापर्यंत धरला. ५५. कानामागे ६० च्या वर. शंभर भागिले ५५ म्हणजे एक पूर्णांक आठच्या जवळ. ट्रायल फ्रेममधे पावणेदोन घातला आणि सॅकची चेन बघायला सांगितली.

"हां," आबा म्हणाले. "आता दात मोजा म्हणाल तर मोजतो."

लेक तेवढ्यात पट्टी घेऊन आली. तिची दहापैकी नऊ माणसं झाली होती. आबांनी निमूट नाक मोजून दिलं आणि मग विचारलं, यावरून काय कळतं? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की पूर्वी लोकांना वाटायचं, यावरून माणूस कुठल्या जातीचा ते कळतं. आबांना हसू फुटलं. त्यांना दीडशे मेंढरं तोंडानं ओळखू येतात. लेकीनं विचारलं, कशी, रंगावरून? शिंगांवरून? तर म्हणाले, "रंग तर एका येताच्या दोघींचा बी येगळा आसतोय. ही कुनाची, ती कुनाची, आसं ध्यानात ठ्यायचं. आई ठावं असली की झालं." मग त्यांनी इथल्याच निंबकरांच्या शेती-संशोधन संस्थेतली गोष्ट सांगितली, बंगालच्या सुंदरबनातल्या ठेंगण्या गारोळ मेंढीचा गुण आपल्या मेंढीत आणला आणि ती जुळी द्यायला लागली. पाहुण्यांच्या कळपात तसली एक आहे. "दिसाया आपल्यावानीच. फकस्त येताला कळतं."

काच दुसऱ्या दिवशी घासून बसवली. नोज पॅड जरा फाकवून दिले. दोरीऐवजी त्यांनी काळ्या लोकरीचा पीळ लावला, दोन्ही काड्यांना गाठ मारून.

जानेवारीत महाडच्या बाजूनं फोन आला. आवाज तुटत होता, मागे मेंढरांचा कालवा.

"ताई, डावी काच फुटली. कोकरानं पाय दिला. त्योच नंबर करून भोरच्या गाडीला द्याल का? माझं पोरगं तिथनं घिऊन यील."

"तोच ना, पावणेदोन?"

"त्योच. गेल्या बारीचा नको."

पार्सल मी संध्याकाळच्याच गाडीला दिलं. दोन काचा टाकल्या, एक जादा.